मोबाइल तर हातात आहेच, मग मास कॉम कशाला शिकायचं? निमोण्यातून पाहिलं तर काय दिसतं

फेब्रुवारी २०२५ चा शेवटचा आठवडा. पुण्यातल्या स्वारगेट एसटी स्थानकात उभ्या असलेल्या शिवशाही बसमध्ये तरुणीवर बलात्कार झाल्याचं प्रकरण समोर आलं. संशयित शिरूर तालुक्यातल्या गुनाटचा असल्याचं पोलिसांनी सांगितलं. मग गावात ड्रोन आले, श्वानपथक आलं, उसाच्या फडांत शोध सुरू झाला. त्यांच्या मागोमाग कॅमेरेही आले. २८ फेब्रुवारीला मध्यरात्रीनंतर संशयित पकडला गेला आणि कॅमेरे जसे आले तसे निघून गेले.

गुनाट हे निमोण्याच्या परिसरातलं गाव. शिरूर तालुक्याच्या पूर्वेकडचा हा पट्टा. घोड धरणाचं पाणी, ऊस, कांदा आणि कालव्याच्या आवर्तनाची वाट पाहणं, हे इथलं रोजचं जगणं. इथून पुणं सत्तरेक किलोमीटरवर. त्या चार दिवसांत सगळ्या महाराष्ट्राने हा परिसर स्क्रीनवर पाहिला, पण दाखवणारे बहुतेक बाहेरचे होते.

आता याच परिसरातला, बारावी झालेला एखादा मुलगा किंवा मुलगी घरी म्हणाली, "मला मास कॉम करायचंय," तर काय होईल? पहिला प्रश्न येईल, "ते काय असतं?" दुसरा, "नोकरी लागते का?" आणि तिसरा प्रश्न हल्ली मित्रच विचारतात, "मोबाइल आहे, यूट्यूब आहे, तीन वर्षं घालवायची कशाला?"

तिन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यातला तिसरा सगळ्यात अवघड.

आधी हे मास कॉम म्हणजे काय ते पाहू

विद्यापीठाच्या कागदावर याचं नाव 'जनसंज्ञापन'. हा शब्द बोलण्यात कुणीच वापरत नाही. आधीच्या पिढीत 'वृत्तपत्रविद्या' होती, मग 'पत्रकारिता' आली, आता सरसकट 'मास कॉम' किंवा नुसतं 'मीडिया'. नावं बदलली तसा विषयही पसरत गेला. वर्तमानपत्रापासून सुरुवात झाली, मग रेडिओ, टीव्ही, जाहिरात, जनसंपर्क, चित्रपट आणि आता सोशल मीडिया.

भारतात विद्यापीठाच्या पातळीवर पत्रकारितेचं शिक्षण १९४१ मध्ये लाहोरच्या पंजाब विद्यापीठात सुरू झालं. महाराष्ट्रात नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात १९५२ मध्ये अमेरिकी प्राध्यापक रोलंड वूल्सली यांच्या मदतीने पत्रकारितेचा विभाग उभा राहिला. पुण्यात १९६४ पासून विद्यापीठाचा विभाग आहे. फर्ग्युसन रस्त्यावरचं रानडे इन्स्टिट्यूट ते हेच. मराठी पत्रकारितेतल्या कित्येक पिढ्या या वास्तूतून बाहेर पडल्या.

मुंबई विद्यापीठात पदवीच्या पातळीवर बीएमएम होतं, २०१९ पासून त्याचं नाव बीएएमएमसी झालं. केंद्र सरकारच्या 'आयआयएमसी'चं अमरावतीला केंद्र आहे आणि तिथे मराठी पत्रकारितेचा अभ्यासक्रमही आहे. शेती सांभाळून शिकणाऱ्यांसाठी नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा पर्याय आहे. खासगी संस्था तर बऱ्याच आहेत आणि त्यांची फी बहुतेक वेळा एका हंगामाच्या कांद्याच्या पट्टीत बसत नाही.

थोडक्यात, शिकण्याची सोय आहे, पण बहुतेक ठिकाणी ती शहरात आहे.

२०२१ मध्ये पुण्यात यावरून मोठा वाद झाला. विद्यापीठाने रानडे इन्स्टिट्यूट आणि विद्यापीठाच्या आवारातला माध्यमांचा दुसरा विभाग एकत्र करायचं आणि रानडे तिकडे हलवायचं ठरवलं. आजी-माजी विद्यार्थी रस्त्यावर उतरले, राजकीय पक्ष उतरले, शेवटी ऑगस्टमध्ये तत्कालीन उच्च शिक्षणमंत्री उदय सामंत यांनी लक्ष घातलं आणि निर्णय थांबला. वास्तूवर लोकांचं प्रेम असणं स्वाभाविक आहे. पण फर्ग्युसन रस्ता की गणेशखिंड, या वादाचा निमोण्यातून येणाऱ्या मुलाला फारसा फरक पडत नाही. त्याला दोन्हीकडे खोली भाड्याने घेऊनच राहायचंय. त्याच्यासाठी खरा प्रश्न आत वर्गात काय शिकवतात, हा आहे. त्या प्रश्नावर इतकी गर्दी कधी जमत नाही.

कॅमेरा स्वस्त झाला, खात्री महाग झाली

वीस वर्षांपूर्वी मास कॉमच्या कोर्सचं मोठं आकर्षण काय होतं? कॅमेरा हाताळायला मिळायचा, स्टुडिओ होता, एडिटिंगचं मशीन होतं. घरी यातलं काहीच मिळत नव्हतं. आज यातलं जवळपास सगळं एका साध्या मोबाइलमध्ये आहे. व्हिडिओ कापणं-जोडणं, आवाज टाकणं, खाली पट्टी फिरवणं हे दहावीतली पोरं रील बनवताना शिकतात. कोणी फक्त एवढं शिकवण्यासाठी लाखभर रुपये मागत असेल, तर तो सौदा महागात पडतो. मित्राचा प्रश्न इथपर्यंत बरोबर आहे.

पण याच शिरूर तालुक्यात, पार दुसऱ्या टोकाला, २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये काय झालं ते आठवा. पिंपरखेड परिसरात तीन आठवड्यांत बिबट्याच्या हल्ल्यात तीन जीव गेले. पाच वर्षांची मुलगी, ८२ वर्षांच्या आजी आणि मग तेरा वर्षांचा मुलगा. लोकांचा संताप अनावर झाला, पुणे-नाशिक महामार्ग अडवला गेला, शेवटी वनविभागाच्या पथकाने एका बिबट्याला ठार केलं. भीती खरी होती, आणि रात्रपाळीची वीज असली की उसाला पाणी द्यायला अंधारातच जावं लागतं, हेही खरं होतं.

त्याच महिन्यात पुणे आणि आसपास एआयने बनवलेली बिबट्यांची चित्रं फिरू लागली. कुणाच्या सोसायटीच्या दारात बिबट्या, कुणाच्या गल्लीत बिबट्या. अशा बनावट फोटोंवर विश्वास ठेवू नका, असं सांगायची वेळ वनविभागावर आली.

यात दोन्हीकडून नुकसान होतं. खोटा फोटो पाहून लोक घाबरतात, वनविभागाचं पथक नको तिथे धावतं. आणि चार वेळा खोटं निघाल्यावर पाचव्यांदा खरंच कुणी "मळ्यात बिबट्या दिसला" म्हणून व्हिडिओ टाकला, तर लोक म्हणतात, "एआय असेल." ज्या गावात लहान पोरं उसाच्या कडेने शाळेत जातात, तिथे हा दुसरा धोका पहिल्यापेक्षा मोठा आहे.

महाराष्ट्राने याहून वाईटही पाहिलंय. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी आल्याचे मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होते. आठवडी बाजारात आलेल्या, भिक्षा मागून जगणाऱ्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. ते भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातले होते, सोलापूर जिल्ह्यातून आले होते. त्या महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एकाच वेळी पाचपेक्षा जास्त ठिकाणी मेसेज पुढे पाठवण्यावर बंधन आणलं. आज फॉरवर्ड करताना अडवणारी ती मर्यादा या काळातली आहे.

आता या दोन्ही घटनांमध्ये काय कमी होतं? मोबाइल होते, नेटवर्क होतं, व्हिडिओ होते. "हे कुठून आलं, पहिल्यांदा कुणी टाकलं, ज्याने पाहिलं त्याच्याशी कुणी बोललं का, त्या भागातल्या वनरक्षकाला कुणी फोन केला का" हे विचारणारं कुणी नव्हतं, किंवा होतं पण त्याचं ऐकलं गेलं नाही. पत्रकारितेच्या वर्गात पहिल्या सहा महिन्यांत शिकवायची गोष्ट हीच असते. दोन स्वतंत्र माणसांकडून खात्री झाल्याशिवाय बातमी द्यायची नाही. ऐकायला सोपं आहे. पण ग्रुपवर सगळे पुढे पाठवत असताना आपण दहा मिनिटं थांबायचं, याची सवय लागायला सराव लागतो, आणि चूक झाली की झापणारं कुणीतरी लागतं. यूट्यूबवर ट्युटोरियल मिळतं, झापणारा संपादक मिळत नाही.

कायदा पत्रकाराला लागतो, तसा ग्रुप अ‍ॅडमिनलाही

गुनाटच्या प्रकरणाकडे परत येऊ. अशा प्रकरणात मोबाइल हातात असलेला माणूस सहज अडकू शकतो. बलात्काराच्या प्रकरणात पीडितेचं नाव किंवा तिची ओळख पटेल असा मजकूर छापणं किंवा प्रसिद्ध करणं हा गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम ७२. आधी हेच भारतीय दंड विधानात २२८-अ म्हणून होतं. दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पीडित मूल असेल तर पोक्सो कायद्याचं कलम २३ वेगळं लागतं.

इथे 'ओळख पटेल असा मजकूर' हे शब्द महत्त्वाचे आहेत. नाव न लिहिता गाव, वडिलांचा धंदा आणि कॉलेज लिहिलं, तरी छोट्या गावात ओळख पटतेच. मुंबईत "उपनगरातली विद्यार्थिनी" म्हटलं तर लाखो जणी निघतील. निमोण्याएवढ्या गावात "बारावीतली, एसटीने शिरूरला जाणारी" एवढ्यावरून लोक घरापर्यंत पोहोचतात. ही गोष्ट शहरात लिहिलेल्या पुस्तकात नीट येत नाही. गावातून आलेल्या विद्यार्थ्याला ती लगेच समजते, फक्त त्याला हे कायद्याशी जोडून कुणीतरी दाखवावं लागतं.

नोकरीचं काय?

खरं सांगायचं तर बातमीदारीच्या नोकऱ्या कमी आहेत आणि सुरुवातीचा पगार पुण्यात खोली घेऊन राहण्यापुरता जेमतेम पुरतो. तालुक्याच्या ठिकाणी तर चित्र आणखी वेगळं. बहुतेक वार्ताहरांना मिळतं ते नाममात्र मानधन आणि जाहिरातींवरचं कमिशन. घर चालतं ते शेतीवर, दुकानावर किंवा एखाद्या एजन्सीवर.

यातली गोम अशी, की ज्याच्याकडून वाढदिवसाची जाहिरात आणायची, त्याच्याच कारभाराची बातमी द्यायची असते. जवळचं उदाहरण घ्यायचं तर न्हावऱ्याचा घोडगंगा सहकारी साखर कारखाना. तो बंद पडल्याचा मुद्दा २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत शिरूरमध्ये गाजला. सभासदांना हवं होतं ते साधं स्पष्टीकरण. कर्ज किती, देणी किती, कामगारांचे पगार कधीपासून थकलेत, निर्णय कुणी घेतले. हे सांगायचं तर ताळेबंद वाचता यायला हवा आणि तालुक्यातल्या कुठल्याच पुढाऱ्याच्या जाहिरातीवर घर चालत नसायला हवं. पहिली गोष्ट कॉलेज शिकवू शकतं. दुसरी कुठल्याच अभ्यासक्रमात नाही.

आणि धोकाही असतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या राजापूरजवळ पत्रकार शशिकांत वारिशे यांच्या दुचाकीला गाडीने चिरडलं. रिफायनरीच्या वादाशी जोडलेल्या ज्या माणसाबद्दल त्यांनी बातमी दिली होती, त्यालाच या प्रकरणात अटक झाली. पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरोधात राज्यात २०१७ चा कायदा आहे, २०१९ पासून लागू आहे. पण त्याची भाषा नोंदणीकृत माध्यम संस्था आणि तिथे काम करणारी माणसं यांच्याभोवती फिरते. गावात एकट्याने यूट्यूब चॅनल चालवणाऱ्याला त्याचं संरक्षण मिळेल, असं गृहीत धरून चालत नाही. तालुक्यातला बातमीदार ज्याच्याविरुद्ध लिहितो, त्याच्याच पेट्रोल पंपावर दुसऱ्या दिवशी गाडीत तेल भरतो. गुनाटला आलेले कॅमेरे परत जाऊ शकले. तो कुठे जाणार?

पत्रकार व्हायला पदवी लागत नाही, हेही इथे सांगायला हवं. २०१३ मध्ये प्रेस कौन्सिलचे तेव्हाचे अध्यक्ष मार्कंडेय काटजू यांनी पत्रकारांसाठी किमान पात्रता ठरवायचा विषय काढला होता, समितीही नेमली. बरीच टीका झाली आणि तशी सक्ती काही आली नाही. ते बरंच झालं. सक्ती आली असती तर तालुक्यातले निम्मे चांगले बातमीदार घरी बसले असते.

पण मास कॉम म्हणजे फक्त बातमीदारी नाही. राज्याच्या माहिती व जनसंपर्क महासंचालनालयातल्या माहिती अधिकाऱ्याच्या पदांसाठी पत्रकारितेचं शिक्षण मागतात. रांजणगाव एमआयडीसीतल्या कंपन्या, दूध संघ, कृषी विज्ञान केंद्रं, दवाखाने, सामाजिक संस्था या सगळ्यांना लोकांना समजेल असं लिहिणारा आणि बोलणारा माणूस लागतो. पीकविम्याची मुदत कधी संपते, लसीकरण कुठे आहे, ई-पीक पाहणी कशी करायची, हे चार ओळींत बिनचूक मराठीत लिहिता येणं हे कसब आहे. सरकारी परिपत्रक एकदा वाचून बघा, म्हणजे या कसबाची गरज किती आहे ते कळेल.

गावात राहून हे होऊ शकतं का?

झालेलं आहे, आणि फार लांब नाही.

१९१० मध्ये मुकुंदराव पाटील यांनी नगर जिल्ह्यातून 'दीनमित्र' साप्ताहिक सुरू केलं. पुढे ते नेवासे तालुक्यातल्या तरवडी या खेड्यातून निघत राहिलं. पाच दशकांहून जास्त काळ. सत्यशोधक विचारांचं हे साप्ताहिक जिथे रस्ताही धड नव्हता तिथे छापलं जायचं आणि टपालाने बाहेर जायचं. शिरूरची घोड नदी ओलांडली की हाच जिल्हा सुरू होतो.

नंतरच्या काळात सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला २००८ मध्ये 'माणदेशी तरंग' हा सामुदायिक रेडिओ सुरू झाला. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राची 'शारदा कृषी वाहिनी' आहे. खुद्द पुणे विद्यापीठाचा 'विद्यावाणी' रेडिओ २००५ पासून आहे. सामुदायिक रेडिओचा पल्ला दहा-पंधरा किलोमीटरचा. आवाज ओळखीचा आणि भाषा बाजारातली, म्हणून लोक ऐकतात.

शिरूर तालुक्यातच पाबळला आणखी एक धडा आहे. १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करत शिकायचं आणि गावाचे प्रश्न हाच अभ्यासक्रम, अशी कल्पना. अमेरिकेतल्या एमआयटीच्या बाहेरची पहिली फॅब लॅब २००२ मध्ये पुण्या-मुंबईत नव्हे, पाबळमध्ये उभी राहिली. तंत्रज्ञान गावात शिकवता येतं हे तालुक्याने चाळीस वर्षांपूर्वी पाहिलंय. माध्यमांचं शिक्षण मात्र अजून एसटी पकडून पुण्याला जायला सांगतं.

नव्या शैक्षणिक धोरणाने इथे एक फट ठेवली आहे. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ठरवलेल्या श्रेयांक आराखड्यात पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी फील्ड प्रोजेक्ट, समाजाशी जोडून घेण्याचा उपक्रम आणि प्रत्यक्ष कामाच्या जागी प्रशिक्षण यांना श्रेयांक दिले आहेत. बऱ्याच ठिकाणी हे प्रोजेक्ट नेटवरून उतरवलेल्या वीस पानांवर आणि स्पायरल बायंडिंगवर भागतात. विद्यार्थ्याने ठरवलं आणि शिक्षकाने सही केली, तर हाच प्रोजेक्ट स्वतःच्या गावावर करता येतो.

म्हणजे काय करायचं? उदाहरणार्थ, ग्रामसभा. प्रजासत्ताक दिन, १ मे, स्वातंत्र्यदिन आणि २ ऑक्टोबर या सुमारास ती भरते. विषयपत्रिकेवर काय होतं, किती लोक आले, कोण बोललं, कोणता ठराव झाला, याची बातमी महाराष्ट्रातल्या बहुतेक गावांत कुणीच लिहीत नाही. किंवा ई-ग्रामस्वराज पोर्टल. मोबाइलवर उघडतं, लॉगिनही लागत नाही. राज्य, जिल्हा, तालुका, गाव निवडलं की ग्रामपंचायतीचा विकास आराखडा आणि वित्त आयोगाच्या निधीतून झालेला खर्च दिसतो. गटाराच्या कामावर किती पैसे पडले ते पोर्टलवर वाचायचं, मग चपला घालून ते गटार बघून यायचं, ठेकेदाराला विचारायचं, ग्रामसेवकाला विचारायचं, सरपंचाची बाजू घ्यायची, आणि जे दिसलं तेवढंच चारशे शब्दांत लिहायचं. आकडा जुळला तर जुळला असंही लिहायचं.

ज्यांना प्रवेश घ्यायचा आहे त्यांनी माहितीपत्रकातला स्टुडिओचा फोटो बाजूला ठेवून कॉलेजात चार गोष्टी विचाराव्यात. पहिल्या वर्षात किती बातम्या प्रत्यक्ष बाहेर जाऊन कराव्या लागतात? त्या लाल पेनाने कोण तपासतं? माध्यमविषयक कायदा आणि माहितीचा अधिकार वेगळा विषय म्हणून आहे का? आणि परीक्षा मराठीत देता येते का? शेवटचा प्रश्न विचारायला मुलं लाजतात. पण ज्याला निमोण्यातल्या माणसाशी बोलून निमोण्यातल्या माणसासाठी लिहायचंय, त्याच्यासाठी तो पहिला प्रश्न असायला हवा.